पाचवी वस्तू

कैरोत, फैसल रस्त्यावर, चौथ्या मजल्यावर
स्वयंपाकघराचं दार लावून मी बसते.
घरघर निरोपात जाऊ नये म्हणून
फ्रिजची पिन काढून ठेवते तासभर.
कधीकधी दूध नासतं. चालायचंच.

निरोप अद्रेहून येतात.
तिथे, सीमेपलीकडे, काटेरी कुंपणाच्या आडोशाला
एका पोराने सौरपत्र्यावरचं इंटरनेट विकायला मांडलंय.
अर्ध्या तासाचे पैसे म्हणजे एका वेळची बाजरी.
कल्तूमा एक वेळ चूल पेटवत नाही आणि माझ्याशी बोलते.
म्हणजे, बोलत नाही.

तिचा पहिला निरोप दोन मिनिटं अकरा सेकंदांचा.
त्यात वारा होता,
ताडपत्रीची फडफड,
लांब कुठेतरी उखळात पडणारं मुसळ,
आणि अगदी शेवटी
कुणीतरी घसा साफ केल्यासारखं काही.
बस्स.
सहा वेळा ऐकला मी तो,
डाळीतला खडा बोटांनी चाचपावा तसा.

आम्हाला पडद्यावरून शिकवलं होतं,
शिकवणाऱ्या बाईंच्या मागे खिडकीत बर्फ पडत होता:
घाबरलेल्या माणसाला आत्तामध्ये आणा.
दिसणाऱ्या पाच वस्तू सांगायला लावा,
मग हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन.
मी ते आमच्या अरबीत, जरा मऊ करून, पाठवलं.

तीन दिवस एकच राखाडी खूण.
मग दुसरी. मग दोन्ही निळ्या.
मग तिचा आवाज, पहिल्यांदाच, आणि केवढा जाड,
एखाद्या मुकादमाला शोभावा असा:

"ताडपत्री, डॉक्टर. शेजारची ताडपत्री.
पलीकडची ताडपत्री, तिच्यावर कुठल्याशा देशाचा झेंडा.
पाण्याच्या रांगेत माझी जागा धरून बसलेला पिवळा डबा.
झाल्या चार.
पाचवी म्हणून, जी इथे नाही ती सांगितली तर चालते का?"

पुस्तिकेत याचं उत्तर नाही. मी पानं उलटून पाहिली.
चालते, म्हटलं.

मग ती थांबेचना.
जनैनाच्या अंगणातला कडुलिंब. झाकण हरवलेली चहाची किटली.
धाकट्या दिराची, खमीसची, चप्पल. डाव्या पायाची.
"उजवी त्याच्या पायात होती," एवढं म्हणून
ती लगेच किटलीकडे परतली, तिला कुठे पोचा होता ते सांगत,
आणि मग "विहिरीपाशी" म्हणाली
आणि अर्धा तास संपला.

अॅप विचारतं: सत्र पूर्ण झालं का?
खाली पाच गोल चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत,
एकावर बोट ठेवायचं.
आठ दिवस मी कुठल्याच चेहऱ्यावर बोट ठेवलं नाही.
रोज सकाळी आठवण येत राहिली, अॅपची.

ओमदुरमानच्या माझ्या घराची किल्ली
इथे मिठाच्या बरणीत आहे.
हे अशिलाला सांगायचं नसतं.

नवव्या दिवशी ती विहिरीबद्दल बोलली नाही.
म्हणाली, "एक विचारू? रागावू नका.
तुमच्या निरोपात मागे काहीच वाजत नाही.
भांडं नाही, पोर नाही, कुत्रं नाही.
आमच्याकडे एवढं शांत झालं ना,
की आम्ही लेकरं उचलतो.
तुम्ही बऱ्या आहात ना तिथे?"

मी पिन लावली.
फ्रिज एकदा थरथरला आणि सुरू झाला.
खिडकी उघडली: खाली गॅसवाला
पान्याने सिलिंडर बडवत चाललेला,
वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढत होतं,
जिन्यात दोघी वीजबिलावरून भांडत होत्या.
फोन ओट्यावर ठेवला, मिठाच्या बरणीशेजारी,
आणि काही न बोलता
हे सगळं भरत राहिले, भरत राहिले.

पाठवलं.
एक राखाडी खूण.
विहिरीपाशी काय, ते मी विचारलेलं नाही.